दहा गुणांचा विषय

शिक्षणशास्त्राच्या नव्या स्नातकांनो,

तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या पिशवीत आजही नेट-सेटचं पुस्तक असणार, याची मला खात्री आहे. नेटच्या पहिल्या पेपरात दहा घटक असतात आणि अगदी शेवटचा असतो ‘उच्च शिक्षण व्यवस्था’. पाच प्रश्न, दहा गुण. नालंदा, तक्षशिला, आयोगांची सनावळी एका रात्रीत पाठ करायची आणि मोकळं व्हायचं. रसायनशास्त्राचा असो की मराठीचा, कॉलेजात शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाचा आपल्या विषयाशी येणारा संबंध एवढाच. तुम्ही मात्र त्या दहा गुणांच्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलीत, काहींनी पीएच.डी. केलीत. तेव्हा ‘पुढं काय?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे.

व्यावसायिक विकास म्हणून आपल्याकडे जे काही चालतं, ते बहुतेक नोकरी लागलेल्यांसाठी असतं. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, इंडक्शन. ते घेणाऱ्या केंद्रांना आधी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणत, मग एचआरडीसी म्हणू लागले, आणि २०२३पासून मालवीय मिशनची पाटी लागली. बढतीला प्रमाणपत्र लागतं म्हणून मंडळी जातात. काही खरोखर शिकूनही येतात. पण जो उद्या सकाळी तासिका तत्त्वावर पहिल्यांदा वर्गावर जाणार आहे, त्याच्यासाठी असं फारसं काही नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो रांगेत शेवटी. ही व्यवस्था उफराटी आहे, आणि ती सुधारा असं या व्यासपीठावरून सांगण्यात मला संकोच वाटत नाही. पण ती सुधारेपर्यंत तुम्ही हातावर हात ठेवून बसू नका.

माझं सांगणं एवढंच आहे, की विद्यापीठ आणि कॉलेज चालतं कसं, हे आत शिरून बघा. आपला विषय ग्रंथालयात थोडा आणि कार्यालयात बराच आहे.

आता बघा, केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण करतं, एआयएसएचई. त्याची माहिती प्रत्येक कॉलेजला भरावी लागते. भरतं कोण? बहुधा हेडक्लार्क, आणि सोबत प्राचार्यांनी धरून आणलेला एखादा तरुण प्राध्यापक. समोर जनरल रजिस्टर, बाजूला प्रवेशाची यादी, तिसरीकडे परीक्षा फॉर्मची यादी, आणि तिन्हींचे आकडे जुळत नाहीत. जूनमध्ये प्रवेश घेतलेली मुलगी परीक्षेच्या यादीत नसते. तिचं लग्न झालं, की फी भरता आली नाही, की एसटीची फेरी बंद झाली, हे फॉर्म विचारत नाही.

पुढं येतात प्रवर्गांचे रकाने: खुला, आर्थिक दुर्बल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास. संपले. आपल्या राज्यात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना वेगळं आरक्षण आहे, पण दिल्लीच्या त्या फॉर्मात त्यांना वेगळा रकाना नाही. मग वडाऱ्याची मुलगी कुठल्या तरी दुसऱ्या रकान्यात बसवली जाते. २०२१-२२च्या अहवालात देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षणात आहेत असं छापलं आहे. त्यात भटके-विमुक्त किती, हे तो अहवाल सांगू शकत नाही. अशा टेबलाशी दोन दिवस बसलात तर प्रबंधाचा विषय शोधत फिरावं लागणार नाही. त्याच अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात ४,६९२ कॉलेजं होती, म्हणजे तेवढी टेबलं. नॅकच्या मूल्यांकनाचं आणि आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता हमी कक्षाचं, काम कुणालाच नको असतं; तुम्ही ते मागून घ्या. फक्त फुकट राबू नका. मानधन आणि कामाचं पत्र, दोन्ही मागा.

आपल्याकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक असेच घडले. १९०७चा जन्म, आजरा तालुक्यातली बहिरेवाडी. धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरीत गावच्या शिक्षणाचं काम केलेला हा माणूस पुढं कोठारी शिक्षण आयोगाचा सदस्य-सचिव झाला. त्यांनी १९४८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, ती १९७६मध्ये पुण्याला आली. आज उच्च शिक्षणाच्या अभ्यासात जगभर ज्यांचं नाव घेतात, त्या फिलिप आल्टबाख यांचं १९६८चं पुस्तक मुंबईतल्या विद्यार्थी राजकारणावर आहे. शिकागोच्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाला आपल्या कॉलेजांच्या कट्ट्यावर विषय दिसला; आपण तिथं चहा प्यायलो आणि घरी गेलो.

परिषदांबद्दल थोडक्यात. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणून फलक, सभागृहात तेच चाळीस ओळखीचे चेहरे, आणि पैसे भरले की दुपारी प्रमाणपत्र, हे प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. नियतकालिकांची केअर यादी यूजीसीने २०२५मध्ये बंद केली. आता चांगलं नियतकालिक कुठलं आणि दुकान कुठलं, हे तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल. मला विचाराल तर वर्षाला एकच परिषद करा. कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ऑफ इंडियाच्या वार्षिक परिषदेत संशोधक विद्यार्थी निबंध वाचतात आणि त्यांना अडचणीचे प्रश्न विचारले जातात. ‘नीपा’ या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचं उच्च शिक्षण धोरण संशोधन केंद्र काढतं तो ‘इंडिया हायर एज्युकेशन रिपोर्ट’ वाचत जा. आणि मराठीत लिहा. आपल्या कॉलेजांवरचं संशोधन त्या कॉलेजच्या संस्थाचालकाला वाचता येऊ नये, यात कुणाचं भलं आहे?

शेवटचं, आणि हे पदवीमुळेच शक्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, परीक्षांचा गोंधळ, सगळं तिथं येतं. पण पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप लागत नाही. निवडणूक आली की धावपळ होते आणि मुदत गेल्यावर फोन येतात. नोंदणी सुरू झाल्याची जाहिरात विद्यापीठ काढतं. पदवी प्रमाणपत्राची छायाप्रत काढून ठेवा आणि त्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. तुमच्यापैकी कुणी उमेदवार म्हणून उभं राहिलं तर माझं मत मागायला जरूर या; अंदाजपत्रक वाचलंय का, एवढंच मी विचारीन.