न दिसणारा सांधा

चित्रपट पाहून घरीं परतलेल्या माणसास त्याची गोष्ट विचारली, तर तो ती रंगवून सांगेल. परंतु त्या चित्रपटांत किती तुकडे एकमेकांस जोडलेले होते असें विचारलें, तर तो गोंधळून जाईल. पूर्ण लांबीच्या चित्रपटांत असे सांधे शेंकड्यांनीं, कधीं हजारांनीं असतात. ते डोळ्यांदेखत जातात, तरी प्रेक्षकास दिसत नाहींत. ते दिसूं नयेत अशी योजना ज्या पद्धतीनें केली जाते, तिला सातत्य राखणारें संकलन म्हणतात. ही विद्या वाटते तितकी सोपी नाहीं, हें उत्तम कळतें तें आपला पहिलाच लहानसा चित्रपट हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यास.

आरंभींच्या चित्रपटकारांनाही ती उपजत अवगत नव्हती. अमेरिकेंत एडविन पोर्टर यानें आगीच्या बंबावरील शिपायाच्या जीवनावर केलेला चित्रपट १९०३ सालीं पडद्यावर आला. जळत्या घरांतून आई व मूल यांची सुटका कशी झाली, हें त्यानें प्रथम खोलीच्या आंतून दाखविलें आणि मग तोच प्रसंग मुळापासून पुन्हां बाहेरून दाखविला. एक घटना चालू असतांनाच मध्यें बाजू बदलावी आणि तरीही काळ अखंड वाहावा, ही कल्पना तेव्हां रुळली नव्हती. एका पिढीनें जें चुकत-माकत शिकून घेतलें, तें आजच्या विद्यार्थ्यास थोड्या आठवड्यांत शिकावें लागतें.

इंग्लंडमधील एका शालान्त-पातळीच्या परीक्षेंत २०१० च्या सुमारास माध्यमविषयाच्या विद्यार्थ्यांना एक प्राथमिक अभ्यास दिला जात असे. विषय अगदीं साधा. एका पात्रानें दार उघडावें, खोली ओलांडावी, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीवर बसावें आणि दोघांनीं दोन-चार वाक्यें बोलावीं. अटी तीन: हालचालीची जुळणी साधावी, बोलणाऱ्यांचे चेहरे आलटून-पालटून दाखवावे आणि एकशें ऐंशी अंशांचा नियम पाळावा. वाचतांना हें काम तासाभराचें वाटतें. तें करावयास निघालेला चौघांचा एखादा गट डोळ्यांपुढें आणला, म्हणजे खरी अडचण ध्यानीं येते.

प्रथम दार. बाहेरून चित्रण करतांना हात मुठीवर पडल्याबरोबर ही मुलें कॅमेरा थांबवितात आणि आंतून चित्रण सुरू करतात तें दार उघडल्यानंतर. संगणकापुढें संकलनास बसल्यावर त्यांना आढळतें कीं, मधली हालचाल कोणत्याच तुकड्यांत नाहीं. मुलगा जणूं लांकडांतून आरपार आला आहे. म्हणून जाणते सांगतात कीं, संपूर्ण क्रिया दोन्ही बाजूंनीं चित्रित करावी आणि कात्री हालचालीच्या ऐन मध्यावर चालवावी. हलत्या हातामागें नजर धांवत असते, आणि त्या धांवण्यांत सांधा निसटून जातो. तेथील पद्धतीप्रमाणें एका सेकंदांत २५ चित्रें सरकतात. त्यांतलीं चार-पांच इकडची तिकडे झालीं, तरी हात अडखळल्यासारखा वाटतो.

मग संभाषण. समोरासमोर बसलेल्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानावयाची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावयाचा. तसें केल्यास एक जण उजवीकडे पाहतो, दुसरा डावीकडे, आणि ते एकमेकांशीं बोलत आहेत हें न सांगतां कळतें. कॅमेऱ्यानें रेषा ओलांडली, कीं दोघेही एकाच दिशेस पाहूं लागतात व तिसऱ्याच कोणाशीं बोलल्यासारखे दिसतात. याशिवाय भिंतीवरचें घड्याळ पुढें गेलेलें असतें, टेबलावरचें ऊन सरकलेलें असतें, एका शॉटमधील गळपट्टा दुसऱ्यांत नसतो. ध्वनीचेंही तसेंच. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. ती शांतता अर्धा मिनिट निराळी ध्वनिमुद्रित करून सर्व तुकड्यांखालीं पसरली नाहीं, तर डोळ्यांना न दिसलेला सांधा कानांना खटकतो.

एवढें सांभाळूनही एक पेंच उरतो. नायकाच्या एका वाक्याचे पांच शॉट घेतलेले असावे; चार नियमांत बसणारे पण निर्जीव, आणि पांचव्यांत मुलगा खरोखर बोलला, परंतु कॅमेरा रेषेपलीकडे गेलेला. कोणता ठेवावा? येथें चौघांत मतभेद होतात, आणि तो वाद पोरकट नाहीं. ‘अपोकॅलिप्स नाउ’ या १९७९ सालच्या चित्रपटाच्या संकलकांपैकीं एक, वॉल्टर मर्च, यानें आपल्या पुस्तकांत चांगल्या सांध्याच्या सहा कसोट्या दिल्या आहेत आणि कांहींशा विनोदानें त्यांना शेंकडेवारीही लाविली आहे. भावना ५१, कथानक २३, लय १०, नजरेचा माग ७, पडद्यावरील दिशांची मांडणी ५ आणि प्रत्यक्ष जागेचें सातत्य ४. कांहीं सोडावेंच लागलें, तर तें खालून वर सोडीत जावें, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे ज्या रेषेसाठीं विद्यार्थी जिवाचें रान करतो, तिची गणना शेवटून दुसऱ्या कसोटींत होते!

मग नियम शिकावयाचेच कशाला? उत्तर असें कीं, सोडून देण्यास ती वस्तु आधीं हातीं असावी लागते. नियम जाणणाऱ्यानें रेषा ओलांडली तर ती निवड होय. न जाणणाऱ्याची ती केवळ चूक. शिवाय जाणत्यापाशीं तिसरा मार्गही असतो. मध्यें टेबलावरील हातांचा किंवा थेट रेषेवरून घेतलेला एखादा शॉट घातला, तर प्रेक्षकास नकळत पलीकडे नेतां येतें. परंतु तो शॉट चित्रणाच्या दिवशींच सुचलेला असावा लागतो. खोली रिकामी करून सर्व जण घरीं गेल्यावर सुचून उपयोग नसतो. संकलन कात्रीपाशीं सुरू होत नाहीं, तें कॅमेरा लावण्यापूर्वींच सुरू होतें, हा धडा त्या खर्चांतून मिळतो.

याच परीक्षेंत पुढचें मोठें काम संपल्यावर विद्यार्थ्यास एक प्रश्न विचारला जाई: त्या पहिल्या अभ्यासाकडे मागें वळून पाहतां तुम्ही काय शिकलां? तेथें आपले नियम कसे पाळले गेले याची यादी देऊन गुण मिळवितां येत. पण ज्यानें पांचव्या शॉटची हकीकत खरी लिहिली, तो काय ठेविलें, काय टाकलें आणि त्यासाठीं काय सोसलें हें सांगूं शकला, त्याचें शिक्षण त्या दोन-चार वाक्यांच्या चित्रपटांतच झालें. त्याची कारागिरी कोणाच्या नजरेस पडणार नाहीं. दार उघडून कोणी आंत आला, बसला आणि बोलला, एवढेंच प्रेक्षक पाहील; आणि त्याच्या श्रमाचें फळ तें हेंच.