इंजिनिअर दिवाण : सर विश्वेश्वरय्या



ज्याचें आयुष्य यंत्रें व धरणें यांत गेलें, त्याच्या हातीं राज्याचा कारभार द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न जुना आहे. चीन देशांत मिआव वेइ हे मोटारींच्या कारखान्यांतून वर चढलेले इंजिनिअर २०१० पासून २०२० पर्यंत उद्योगखात्याचे मंत्री होते. परंतु त्याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधीं आपल्या देशांत हा प्रयोग होऊन गेला होता, आणि त्याचे नायक महाराष्ट्रांतच तयार झाले. त्यांचें नांव सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतला; परंतु इंजिनिअरिंगची विद्या त्यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत संपादन केली. १८८३ सालीं ते परीक्षेंत पहिले आले व पुढील वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकामखात्यांत रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं आपोआप चालणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक उंचीवर चढलें कीं ते आपणच उघडत व पूर ओसरला कीं आपणच मिटत. भिंत न वाढवितां साठा वाढला.

त्याहूनहि मला थोर वाटते ती त्यांची नीरा कालव्यावरील पाणीवांटपाची योजना. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्या बागाइतदारांनीं उसाला वाटेल तितकें पाणी पाजावें, त्यांच्या जमिनी चिबडून जाव्या, आणि शेवटाकडील गांवें मात्र कोरडीं राहावीं, असा प्रकार चाले. १८९९ सालीं विश्वेश्वरय्यांनीं उपाय सुचविला : जमिनीचे ब्लॉक पाडावे, ब्लॉकच्या एकतृतीयांश भागांतच ऊस लावावा, बाकींत हंगामी पिकें घ्यावीं, आणि हा क्रम तीन वर्षांत फिरता ठेवावा. पाणी तेवढेंच, पण तें अधिक गांवांस पुरावें, हा त्यांतील हेतु.

१९०९ सालीं ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले व १९१२ सालीं दिवाण. कावेरीवर कृष्णराजसागराचें काम त्यांनीं चालविलें. १९१३ सालीं म्हैसूर बँक व १९१६ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. महायुद्धामुळें चंदनाचा परदेशीं जाणारा व्यापार अडला, तेव्हां तेल गाळण्याचा कारखाना राज्यांतच निघाला. त्यांनीं आंखलेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ सालीं सुरू झाला. तो तोट्यांत जाऊं लागला, तेव्हां त्यांनींच येऊन त्याची व्यवस्था सावरली.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. १९१८ सालीं महाराजांनीं सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांस वाढता वाटा कसा द्यावा, हा तिच्यापुढील विषय. दिवाणांस हा मार्ग पसंत नव्हता. गुणवत्तेची कसोटी सैल झाली तर कारभार बिघडेल, असें त्यांचें मत. या मतभेदानंतर त्यांनीं पद सोडलें. आपल्या मतासाठीं अधिकार सोडणारा पुरुष आदरास पात्रच होय.

तरीपण मेळघाटांतल्या शाळामास्तराच्या मनांत एक शंका राहते. नीरेच्या शेवटाकडील शेतकरी आळशी नव्हता. वरच्या अंगाला पाणी अडत होतें म्हणून त्याचें शेत सुकत होतें. हें ज्या डोळ्यांनीं पाहिलें, त्यांना विद्येचा कालवाहि असाच अडतो हें तितकें स्पष्ट कां दिसलें नसावें? सेमाडोहाकडील कोरकू मूल घरीं कोरकू बोलतें आणि पहिलें पुस्तक मराठी उघडतें. त्याची परीक्षा शहरांतल्या मुलाबरोबर एकाच गजानें घेतली, तर आपण त्याची बुद्धि मोजतों, कीं कालव्यापासूनचें त्याचें अंतर?

विश्वेश्वरय्यांनीं प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा कायदा १९१३ सालींच करविला होता, हेंहि न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. १९५५ सालीं ते भारतरत्न झाले व १९६२ सालीं, वयाचें शतक गांठून, निवर्तले. त्यांच्या धरणांपुढें आपण मस्तक नमवूं या; आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचविण्याचा त्यांचाच नियम, त्यांनीं जेथें लावला नाहीं तेथेंहि, आपण लावूं या.