कॅरमच्या पावडरीवरचा मायकेल
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बोलायला प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला. कुणाला 'आपलं ग्रंथालय', कुणाला 'शाळेनं काय दिलं', आणि मला 'मायकेल जॅक्सन'. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नववीत माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून त्याचा फोटो चिकटवलेला होता. गणिताच्या बाईंनी एकदा ती पेटी वर्गभर फिरवली आणि विचारलं, "हा कोण? याला घरी कुणी तेल लावून देत नाही का?" बाई समोर बसल्यात, हसतायत. पण तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो. बरं, एक दिवस.

हा माणूस अमेरिकेतल्या गॅरी नावाच्या पोलादाच्या गावचा. वडील पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. घर लहान, मुलं नऊ. पाच भावांचा बँड निघाला, त्यात हा सगळ्यात धाकटा आणि गाणारा मात्र हाच. जानेवारी 1970 मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा त्याचं वय अकरा. आपण त्या वयात चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागून रडून मोकळे झालो होतो. मग 1982 साली 'थ्रिलर' आला आणि 1984 मध्ये एका रात्रीत त्याला आठ ग्रॅमी मिळाले. हे आकडे तेव्हा मला तोंडपाठ होते, पानिपतच्या लढायांचं साल मात्र नाही. इतिहासाच्या सरांनी ते माझ्या प्रगतिपुस्तकातही लिहून ठेवलंय.

ताठ उभं राहून एकदम पुढे झुकायची त्याची करामत आठवते? आपण ती मधल्या सुट्टीत मैदानावर करून बघायचो. एकाच्या हनुवटीला टाके पडले. पुढे कळलं की स्टेजवर करण्यासाठी त्यानं खास बूट बनवून घेतले होते. टाचेत खाच, स्टेजमधून वर येणारा खिळा, आणि ती खाच खिळ्यात अडकवायची. त्या बुटाचं 1993 साली पेटंटही घेतलं होतं. म्हणजे पेटंट अमेरिकेत, आणि टाके जळगावात.

1 नोव्हेंबर 1996. मायकेल मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात. भारतात त्याचा तेवढा एकच कार्यक्रम झाला. विमानतळावर सोनाली बेंद्रेनं नऊवारी नेसून त्याला ओवाळलं, तो 'मातोश्री'वर जाऊन आला. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचा वाद पुढे कित्येक वर्षं रेंगाळला, पण तो भाग सोडा. मी वडिलांना मुंबईला जाऊ का विचारलं. ते पेपर खाली न करता म्हणाले, "सहामाहीचे मार्क आण आधी." मार्क मी आणलेच नाहीत, त्यामुळे विषय पुढे गेला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरातला फोटो कापून कंपासपेटीत गेला.

त्याच डिसेंबरात आपलं गॅदरिंग होतं. आजपर्यंत मी जे कुणाला सांगितलं नाही ते इथून पुढे आहे.

मायकेलची ती उलटी चाल, मूनवॉक, आपल्या शाळेत मी आणली असं सगळे समजतात. या स्मरणिकेसाठी जे लेख आलेत त्यातल्या दोघांनी तसं लिहिलंयही. मी नाही आणली. आठवीत आपल्या वर्गात धुळ्याहून एक मुलगा आला होता. वडील एसटीत, बदली होऊन आलेले. बोलायचा अहिराणी, त्यामुळे काही जण त्याची नक्कल करायचे. मीही करायचो. त्याचा चुलतभाऊ सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये होता. आपल्याकडचे निम्मे भाऊबंद सुरतेलाच. तिथं खोलीवर भाड्यानं व्हीसीआर आणायचे, आणि एका सुट्टीत यानं ती कॅसेट इतक्यांदा मागे-पुढे केली की भाऊ चिडला.

त्यानं मला शिकवलं. एसटीच्या क्वार्टर्समध्ये, त्यांच्या पुढच्या खोलीत, शहाबादी फरशीवर कॅरमची पावडर टाकून, पायात फक्त मोजे. एका पायाची टाच वर, सगळा भार त्या चवड्यावर. दुसरा पाय सपाट, हलका, मागे सरकवायचा. मग सरकलेल्याची टाच वर, आणि आधीची खाली. भार बदलतो तो क्षण बघणाऱ्याला दिसता कामा नये, सगळी गंमत तिथं. मी पाय उचलायचो. तो कपाळाला हात लावायचा. "तुना पाय जमीनले चिकटेल शे रे भो!" दीड महिना लागला. त्याची आई रोज संध्याकाळी ती पावडर पुसायची आणि आम्हाला फोडणीचा भात द्यायची.

गॅदरिंगला आम्ही दोघं नाचणार होतो. ऐनवेळी वेळ कमी पडला आणि एकानंच करा असं ठरलं. काळे बूट माझ्याकडे होते. त्याच्याकडे नव्हते. बहिणीच्या पांढऱ्या मोज्यावर तिच्याच टिकल्या चिकटवून आम्ही जो हातमोजा केला होता, तो त्यानं काढून माझ्या हातात घातला. तो विंगेत पावडरीचा डबा धरून उभा राहिला. बक्षीस मला मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा. पाहुण्यांनी माइकवर विचारलं, "बाळ, हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "टीव्हीवर बघून, स्वतःच."

तो विंगेतून ऐकत होता. काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यांची धुळ्याला परत बदली झाली.

पुढे नोकरीत असताना मायकेलचं आत्मचरित्र हाती आलं, 1988 सालचं, नावच 'मूनवॉक'. 1983 च्या मार्चमध्ये एका कार्यक्रमात त्यानं ही चाल पहिल्यांदा केली. सगळी मिळून काही सेकंद, पण जग वेडं झालं. पुस्तकात तो सरळ लिहितो की ही चाल माझी नाही, गरीब वस्त्यांतल्या काळ्या पोरांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर काढलेली, मला तीन मुलांनी शिकवली, मी थोडी भर घातली. वाचून मी पुस्तक मिटलं. ज्याला आठ ग्रॅमी होते त्यानं हे कबूल केलं. माझ्याकडे एक स्टीलचा डबा होता.

त्याच्यावर मुलांच्या बाबतीत झालेले आरोप मी विसरलेलो नाही. 2005 मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं, 2019 च्या माहितीपटात दोघे पुन्हा बोलले. माझी मुलगी विचारते, "बाबा, तुम्हाला तो अजून आवडतो?" मला धड उत्तर देता येत नाही. गाणं लागलं की पाय हलतो, आणि मग ते आठवून थांबतो.

26 जून 2009 ला सकाळी, आपल्याकडे बातमी आली तेव्हा, मला एक फोन आला. बारा वर्षांनी. नंबर कुठून काढला देव जाणे. पलीकडून एवढंच, "तो गया रे भो." आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. तेव्हा तरी मी त्या डब्याचं बोलायला हवं होतं. नाही बोललो.

आज तो धुळ्याहून सकाळच्या गाडीनं आलाय. पारोळा, एरंडोल करत. मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून. चौथ्या रांगेत बसलाय आणि मघापासून मला खुणेनं 'नको, नको' म्हणतोय, म्हणून नाव घेत नाही. तो स्टीलचा डबा मी आणलाय, या टेबलाखाली आहे. त्यात कॅरमची पावडर आहे.

संयोजकांनी ही सतरंजी तेवढी गुंडाळावी, खाली फरशी चांगली आहे. आणि तू बूट काढून वर ये रे भो.