सर्वांनाच चषक?

मुलांच्या स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येकास चषक द्यावा काय? बंगळूरच्या इंदिरानगराचे नाव २०२१ सालच्या एका जाहिरातीमुळे ज्यांच्याशी जोडले गेले, त्या राहुल द्रविडांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. २०१८ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने द्रविडांस ५० लाख, तर त्यांच्या सहकारी प्रशिक्षकांस प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. हा भेद त्यांना रुचला नाही. अखेर सर्वांस सारखेच, २५ लाख मिळाले.

परंतु ही समता एका कार्यासाठी झटलेल्यांची होती. अंतिम सामन्यात हरलेल्या ऑस्ट्रेलियास कोणी विश्वचषक दिला नाही.

शर्यतीत शेवटी आलेल्या मुलास आपला क्रमांक पुरता ठाऊक असतो. त्याच्या हाती चषक ठेवला, तर वडीलधारी माणसे खोटी स्तुती करतात, एवढेच तो शिकतो. म्हणून चषक विजेत्यासच द्यावा. मात्र गतवर्षी अर्ध्यावर थांबलेला मुलगा यंदा शेवटपर्यंत धावला असेल, तर त्याचे नाव घेऊन ते चारचौघांत सांगावे. त्यासाठी शिक्षकांनी शेवटचा मुलगा पोहोचेपर्यंत शर्यत पाहिली पाहिजे.