मूत्रपिंडाचा विकार आणि संशोधकांची शंभर वर्षांहून अधिक काळाची खटपट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. यंदा हा मान कार्यकारी मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल मी ऋणी आहे. विषय मात्र मी स्वतःच मागून घेतला. मी वैद्य नव्हे. परंतु गेली चार वर्षे माझ्या धाकट्या मेहुण्यांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसकरिता नेण्याआणण्याचे काम माझ्याकडे आहे. चार चार तास बाहेर बसून माणसाने करावे काय? तेथील एका सौजन्यशील डॉक्टरांकडून पुस्तके व लेख मागून आणले, शब्दकोश जवळ घेऊन वाचले आणि जे उमगले नाही ते त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारून त्यांचे डोके खाल्ले. ही व्याधी झालेली घरे आपल्या ज्ञातीत आता एकदोनच राहिलेली नाहीत. तथापि पोरीबाळींच्या सोयरिकीत विघ्न येईल या भीतीने पुष्कळ घरांतून ती झाकून ठेवली जाते, म्हणून हा विषय चारचौघांत बोलला जावा असे मला वाटले.

आपल्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूस, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत. दिवसाकाठी या गाळण्यांतून अदमासे १८० लिटर पाणी गाळले जाते, आणि त्यांतील दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर पडून बाकीचे सर्व शरीरात परत घेतले जाते. याखेरीज रक्त निर्माण करण्याची आज्ञा देणे, हाडांस बळकटी देणारे जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, रक्तदाब सांभाळणे ही कामेही मूत्रपिंडेच करतात. म्हणूनच ती निकामी झाली असता केवळ लघवीचा प्रश्न उद्भवत नाही. अंगातले रक्त आटते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयावर ताण येतो. या रोग्यांपैकी पुष्कळांचा शेवट हृदयविकाराने होतो, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक नसेल.

या रोगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ एका साध्या चमच्याने झाला. लंडन येथील गाय रुग्णालयात रिचर्ड ब्राइट नावाचे वैद्य होते. अंगावर सूज आलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवीत. अंड्यातील पांढऱ्या बलकाप्रमाणे ती साकळली की त्यांत प्रथिन जात आहे असे समजत. अशा रोग्यांच्या मरणोत्तर तपासणीत मूत्रपिंडे बिघडलेली आढळली, आणि या दोहोंचा संबंध त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. निदान झाले, परंतु उपाय मात्र पुढे शंभरावर वर्षे सापडला नाही.

उपाय सापडला तो युद्धाच्या धुमश्चक्रीत. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर होता. ग्रोनिंगेन येथे असताना त्याच्या देखरेखीखालील एक तरुण रोगी रक्तात साठलेल्या विषाने डोळ्यांदेखत दगावला. हे विष दिवसाकाठी थोडेसे जरी काढता आले असते तर हा वाचला असता, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे जर्मनांच्या अंमलाखाली कांपेन या लहान गावी त्याने यंत्र रचले. साहित्य कोणते, तर सॉसेज नावाचा मांसाचा पदार्थ भरण्याकरिता वापरतात ती सेलोफेनची नळी, आणि ती गुंडाळण्यास लाकडी पट्ट्यांचा फिरता पिंप! नळीतून रक्त खेळवावयाचे आणि पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरवावयाचा. विष पाण्यात उतरते, रक्तकण आत राहतात. १९४३ साली प्रयोगास प्रारंभ झाला. पहिल्या सोळा रोग्यांपैकी पंधरा दगावले, आणि जो एक जगला तो यंत्रामुळे जगला असे कोल्फ यांनी स्वतःच म्हटले नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रोगी, सदुसष्ट वर्षांची एक वृद्धा, बेशुद्धावस्थेतून शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ही बाई युद्धकाळात शत्रूच्या बाजूची म्हणून कैदेत होती. गावातील अनेकांचा तिच्यावर रोष होता. डॉक्टरने तिच्यावर इतर कोणाहीप्रमाणे उपचार केले. ही गोष्ट मला यंत्रापेक्षाही मोठी वाटते.

कोल्फ यांचे यंत्र काही दिवसांपुरते होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि रक्तवाहिन्या संपल्या की उपचार संपला. ही अडचण अमेरिकेतील सिअॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली दूर केली. टेफ्लॉनची नळी हातातील धमनी व शीर यांस कायमची जोडून ठेवली. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स हा विमानाच्या कारखान्यातील यंत्रकामगार. जो आठवड्याभराचा सोबती मानला गेला होता, तो त्यानंतर अकरा वर्षे जगला.

आणि मग एक नवीच आपत्ती उभी राहिली. यंत्रे मोजकी, रोगी अगणित. १९६२ साली सिअॅटलमध्ये या यंत्रांवर कोणास घ्यावे हे ठरविण्याकरिता सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तीत वकील होता, धर्मोपदेशक होता, गृहिणी होती, पेढीवाला होता, मजुरांचा पुढारी होता. मुले किती, नोकरी काय, गावात वागणूक कशी, हे पाहून ही मंडळी कोणी जगावे ते ठरवीत. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, वर्षानुवर्षे वाद चालला, आणि अखेरीस १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या रोग्यांच्या उपचाराचा बहुतांश भार सरकारकडे घेतला. आपल्याकडे २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही साह्य मिळते. परंतु केंद्र तालुक्याच्या गावी, आणि रोगी वाडीवर. आठवड्यातून तीन दिवसांचे गाडीभाडे व बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही. पैशाच्या बाबतीत घराघरांतून ती समिती आजही बसत असते, फक्त तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

आता उपद्रवांविषयी. माणसे जगू लागली तशा नव्या व्याधी दिसू लागल्या. डेन्व्हर येथील अॅलन आल्फ्रे यांनी १९७२ साली असे रोगी वर्णिले की, जे वर्षानुवर्षे डायलिसिसवर ठीक होते, ते एकाएकी बोलताना अडखळू लागत, अंगास झटके येत, स्मृती जाई, आणि काही महिन्यांत मृत्यू येई. शोध करता करता १९७६ साली त्यांनी दाखविले की मेंदूत ॲल्युमिनियम साठले आहे. ते आले कोठून? हाडांच्या रक्षणाकरिता, रक्तातील फॉस्फेट कमी व्हावे म्हणून, जे औषध रोग्यांस देत असत त्यातून, आणि अनेक ठिकाणी यंत्रास लागणाऱ्या नळाच्या पाण्यातून! म्हणजे उपायच अपाय झाला. आज प्रत्येक डायलिसिस केंद्रात पाणी शुद्ध करण्याची स्वतंत्र यंत्रणा असते, तिच्यामागे या माणसांचे मरण आहे.

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावयास लावला तो पांडुरोगाच्या प्रकरणाने. मूत्रपिंड एक द्रव्य निर्माण करते, त्यास एरिथ्रोपोएटिन म्हणतात. हाडांतील मगजास रक्तकण तयार करण्याची सूचना त्याने मिळते. मूत्रपिंड गेले की सूचना बंद. पूर्वी अशा रोग्यांस वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागे. हे द्रव्य मिळविण्यासाठी जपानी शास्त्रज्ञ मियाके यांनी रक्तक्षयाच्या रोग्यांची अडीच हजार लिटरहून अधिक लघवी गोळा केली, आणि १९७७ साली शिकागोच्या यूजीन गोल्डवासर यांच्याबरोबर त्यांनी तीतून अत्यल्प प्रमाणात ते शुद्ध रूपात वेगळे केले. पुढे ते कृत्रिम रीतीने बनू लागले. १९८७ साली सिअॅटलच्या जोसेफ एशबाख प्रभृतींनी पंचवीस रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. निस्तेज पडून राहणारी माणसे कामावर जाऊ लागली.

मग साहजिकच वाटले की थोड्याने एवढा गुण, तर निरोगी माणसाइतके रक्त केल्यास आणखी गुण येईल. माझ्या मेहुण्यांनीही डॉक्टरांस हेच विचारले होते. "माझे हेमोग्लोबिन अकरावर का अडकवून ठेवता, चौदा का करीत नाही?" डॉक्टर हसले आणि त्यांनी आम्हांस पुढील हकीकत सांगितली.

अमेरिकेत हृदयविकार असलेल्या १,२३३ डायलिसिसच्या रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाचे रक्त निरोगी पातळीपर्यंत चढविले, दुसऱ्याचे कमीच ठेवले. अपेक्षा अशी की पहिला गट जास्त जगेल. प्रत्यक्षात पहिल्या गटात १८३ व दुसऱ्यात १५० मृत्यू झाले आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तरीही पुष्कळांचा विश्वास बसला नाही. २००६ साली डायलिसिसवर न गेलेल्या १,४३२ रोग्यांवरील प्रयोगात पुन्हा तोच अनुभव आला. २००९ साली मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेल्या ४,०३८ रोग्यांत एका गटास याच वर्गातील औषध दिले, दुसऱ्यास औषधासारखे दिसणारे निरौषध द्रव्य. औषधाच्या गटात १०१ जणांस पक्षाघात झाला, दुसऱ्या गटात ५३ जणांस. तेव्हा कोठे आकडा चढविण्याचा हव्यास ओसरला. मी शाळेत चाळीस वर्षे मुलांचे गुण मोजले. गुण वाढले म्हणजे मुलगा शहाणा झाला असे नसते हे मला ठाऊक होते, परंतु ते रक्तासही लागू असेल असे मात्र कधी वाटले नव्हते. तपासणीचा कागद हाती आला की आकड्यापुढील खुणा पाहून घाबरणारी व स्वतःच औषध वाढविणारी मंडळी आपल्यात थोडी नाहीत, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

मूत्रपिंड मुळातच बिघडू नये याकरिता जी औषधे निघाली त्यांची कुळेही गमतीची आहेत. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबाचे कॅप्टोप्रिल हे औषध सिद्ध झाले. लहान वयात मधुमेह जडलेल्या ४०९ रोग्यांवर ते वापरून पाहिले असता मृत्यू, डायलिसिस किंवा रोपण यांपैकी काही ओढवण्याचा धोका निम्म्यावर आला, असे १९९३ साली दिसले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्रेंच रसायनज्ञांनी एक कडू द्रव्य काढले होते. त्याच्या वंशातील डापाग्लिफ्लोझिन हे औषध मुळात मधुमेहाचे, परंतु २०२० साली ४,३०४ रोग्यांवरील प्रयोगात मधुमेह नसलेल्यांचीही मूत्रपिंडे त्याने जपली. अर्थात ही औषधे वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. सर्वांस ती मानवतात असे नाही.

पण औषध द्यावयाचे कोणास? हा रोग मुका आहे. निम्म्याहून अधिक शक्ती जाईपर्यंत बहुधा तो बोलत नाही. सूज, मळमळ, दम लागणे ही लक्षणे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ज्यांस मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी वर्षातून एकदा लघवीतील प्रथिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. ब्राइट यांच्या चमच्याचे काम आज एक कागदी पट्टी करते. सांधेदुखीकरिता दुकानातून आणून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणे, किंवा कोणा अनोळखी माणसाकडून पारा-शिशाची भेसळ असलेली भस्मे घेणे, हे मूत्रपिंडावर घाव घालणे आहे, असे स्पष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. रोपणाकरिता मूत्रपिंड देणारे बहुधा घरचेच असते, आणि आपल्या देशात देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक व घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आई देते, पत्नी देते, बहीण देते. सुनेस विकार झाला म्हणजे मात्र तिच्या माहेरी निरोप जातो. मी कोणाच्या घरात डोकावत नाही, परंतु आपल्या ज्ञातीतील तीन घरे मला ठाऊक आहेत, आणि तिन्ही ठिकाणी हेच घडले. मरणोत्तर दानाचे अर्ज भरल्याने ही ओझी थोडी हलकी होतील. १९९४ च्या कायद्याने त्याचा मार्ग मोकळा आहे.

कार्यकारी मंडळास माझ्या दोन सूचना आहेत. पुढील संमेलनाच्या दिवशी सकाळी, पानसुपारीच्या आधी, चाळीस वर्षांवरील सर्वांची लघवी व रक्तदाब तपासण्याची सोय करावी. खर्च फार येत नाही, तो मी चौकशी करून ठेवला आहे. आणि विद्यार्थी साह्य निधीप्रमाणे एक लहानसा प्रवासखर्च निधी, केवळ डायलिसिसच्या रोग्यांकरिता, काढावा. नावे जाहीर न करता साह्य द्यावे, म्हणजे लपविणारी घरेही पुढे येतील. त्यात माझ्या निवृत्तिवेतनातून पहिले पाच हजार रुपये मी आज कोषाध्यक्षांकडे देत आहे.