दाबाला मर्यादा हवी

बडोद्याच्या मकरपुरा भागातील मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात, ऐन वैशाखातील एका सकाळी, एक तरुण आपली गाडी घेऊन आला. टर्बोचार्जर बसविलेली ती पेट्रोल मोटार त्याने वापरलेली अशीच विकत घेतली होती, आणि नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतील सारी शिल्लक तिच्यापायी खर्ची पडली होती. त्याच्या हातात बोटभर लांबीची एक पितळी झडप होती. "काका, एवढी बसवून द्या. पावागडच्या चढावर गाडीला दम लागतो. हिच्यामुळे टर्बोचा दाब वाढतो म्हणतात," तो म्हणाला. वृद्ध कारागिराने ती झडप उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारले, "आत्ता दाब किती आहे?"

या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणापाशी नव्हते. दाब वाढवू इच्छिणाऱ्या बहुतेकांपाशी ते नसते. आजचा दाब ठाऊक नसताना उद्याचा दाब ठरवावयाचा, हे ताप न मोजता औषध देण्यासारखेच होय. झडपेची किंमत थोडी असते. पण तिच्या भरवशावर जे इंजिन पणाला लागते, त्याची किंमत पाच वर्षांच्या शिलकीएवढी असते.

टर्बोचार्जरची कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ शक्ती शिल्लक असते आणि ती हवेत वाया जाते. त्या धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावयाचे, आणि त्याच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, एवढेच त्याचे तत्त्व आहे. हवा अधिक गेली म्हणजे इंधन अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. बाहेरच्या वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. त्याच्यावर टर्बोने जी भर घातली, तिला बूस्ट म्हणतात. बूस्ट ०.७ बार आहे, याचा अर्थ इंजिनाच्या तोंडाशी एकूण १.७ बार दाबाची हवा उभी आहे.

परंतु या योजनेत एक धोका उपजतच आहे. धूर वाढला की चक्र जोराने फिरते. चक्र जोराने फिरले की हवा अधिक जाते. हवा अधिक गेली की इंधन अधिक जळून धूर आणखी वाढतो. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. त्यासाठी धुराच्या मार्गात वेस्टगेट नावाचे दार ठेवलेले असते. दाराला एक दांडी, दांडीला एक डबी आणि डबीत एक लवचीक पडदा व स्प्रिंग असते. टर्बोने दाबलेली हवा एका बारीक नळीने त्या पडद्यावर येते. हवेचा जोर स्प्रिंगला पुरून उरला की दार उघडते, काही धूर चक्राला बगल देऊन निघून जातो आणि दाब आवरला जातो.

बाजारात ज्याला बूस्ट कंट्रोलर म्हणतात, ते उपकरण या नळीच्या वाटेत बसते. ते स्वतः दाब निर्माण करीत नाही. ते पडद्याला खोटी बातमी देते. प्रत्यक्षात दाब १ बार असताना पडद्यापर्यंत ०.७ बारच पोहोचू दिला, तर दार बंद राहते आणि दाब चढत राहतो. म्हणून या उपकरणाने स्प्रिंगच्या मूळ दाबाहून वर जाता येते, खाली येता येत नाही. कमी दाब हवा असेल, तर नरम स्प्रिंगच घातली पाहिजे. तसेच, स्प्रिंगच्या दाबाच्या दुपटीपलीकडे हे सोंग फारसे टिकत नाही, असा कारागिरांचा सर्वसाधारण नियम आहे.

या उपकरणांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार गळतीच्या झडपेचा. ती नळीतील थोडी हवा बाहेर सोडून देते. ती स्वस्त आणि सोपी असते. पण तिच्यातून थोडी हवा पडद्यावर जातच असल्यामुळे दार वेळेआधीच किलकिले होते आणि टर्बो भरावयास उशीर लागतो. दुसरा प्रकार गोळी आणि स्प्रिंगचा. ठरावीक दाब येईपर्यंत गोळी नळीचे तोंड घट्ट बंद ठेवते आणि मग एकदम मोकळे करते. त्यामुळे दाब लवकर चढतो. मात्र क्षणभर ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी मारण्याचा संभवही असतो. तरुणाच्या हातातली झडप याच जातीची होती. तिसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड झडपेचा. ती सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करते, आणि उघडण्याचा व मिटण्याचा काळ कमीजास्त करून दाब राखते. तिला इंजिनाचे फेरे, गियर आणि हवेचे तापमान यांचा हिशेब देता येतो. तिच्या नळ्या अशा जोडाव्यात की वीज तुटली तर दाब आपोआप स्प्रिंगच्या मूळ आकड्यावर यावा. यंत्र बिघडलेच, तर सुरक्षित बाजूला बिघडावे, हा यंत्रविद्येतील सुज्ञपणा येथे विसरता कामा नये.

मग निवड कशी करावी? प्रथम गाडी कोणत्या पिढीची आहे ते पाहावे. जुन्या धाटणीच्या गाड्यांत दार केवळ नळीच्या हवेवर चालते. तेथे बाहेरून बसविलेल्या उपकरणाला वाव आहे. नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकच सोलेनॉइडच्या द्वारे दाब ठरवितो. स्वीडनच्या साब कंपनीने याचा पाया १९८० च्या दशकाच्या आरंभीच घातला. इंजिनाच्या अंगावर एक संवेदक बसवून, धोक्याची थरथर जाणवताच दाब आपोआप कमी करण्याची तिची योजना होती. बडोद्याच्या जवळ हालोल येथे २०१९ पासून तयार होऊ लागलेल्या एम. जी. हेक्टरचे दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १४३ अश्वशक्ती देते, आणि अशा आजच्या इंजिनांत हवा, इंधन व ठिणगी यांचा मेळ संगणकाच्या एकाच हिशेबात असतो. तेथे बाहेरची पितळी झडप घालणे म्हणजे एका घरात दोन कारभारी नेमणे होय. संगणकाला अपेक्षेपेक्षा अधिक दाब दिसतो आणि तो इंजिनाची शक्ती आवळून टाकतो. अशा गाडीत बदल करावयाचाच, तर तो संगणकाच्या आज्ञावलीत आणि जाणत्या हातूनच व्हावा लागतो.

दुसरा विचार उष्म्याचा. बडोद्याला तो टाळता येत नाही. हवा दाबली की तापते. वैशाखात पारा ४० अंशांवर असताना ती हवा ०.७ बार बूस्टपर्यंत दाबली, आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान सुमारे ११० अंशांवर जाते. हाच बूस्ट १ बार केला तर ते १४० अंशांच्या जवळ पोहोचते. मध्ये इंटरकूलर ती निववितो, पण तोही तापलेल्या रस्त्यावरचीच हवा अंगावर घेऊन. तापलेली हवा विरळ असते, म्हणून वाढवलेल्या दाबाचा काही लाभ तेथेच हरवतो. शिवाय तिच्यामुळे नॉकिंगचे भय वाढते. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून भडकते; पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो; आणि टर्बोच्या भाराखाली असे थोडे आघातदेखील पिस्टनचा काठ फोडू शकतात. पौषातल्या पहाटे जो दाब निर्धोक वाटला, तोच वैशाखातल्या दुपारी इंजिनाचा घात करू शकतो. म्हणून दाबाची मर्यादा वर्षातील सर्वांत कठीण दिवसासाठी ठरवावी. इंधनाचेही तसेच आहे. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ठरवलेला दाब साध्या पेट्रोलवर चालेलच असे नाही. प्रवासात जे पेट्रोल हमखास मिळते, त्यावरच हिशेब बांधावा.

आता प्रत्यक्ष जुळणीचा क्रम. आरंभी उपकरण जोडूच नये. केवळ स्प्रिंगवर किती दाब मिळतो, तो मोजून लिहून ठेवावा. मग उपकरण सर्वांत कमी दाबावर ठेवून जोडावे. नळ्या आखूड व जाड असाव्यात, उष्ण भागांपासून दूर असाव्यात आणि प्रत्येक टोकाला पक्का क्लिप असावा. कारण पडद्याकडे जाणारी नळी निसटली, तर दार कधीच उघडत नाही आणि दाबाला काही बंधनच उरत नाही. पुढे दाब एका वेळी ०.०५ बारने, फार तर ०.१ बारने वाढवावा. प्रत्येक पायरीवर इंजिन पूर्ण तापलेले असावे, चाचणी तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये पूर्ण भारावर घ्यावी आणि ती डायनोवर किंवा बंद मार्गावरच घ्यावी. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. तेथे शाळेतून घरी जाणारी मुले असतात.

प्रत्येक पायरीला तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मिश्रण. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा हे रसायनशास्त्राचे प्रमाण आहे. पण पूर्ण भारावर ते १२ च्या आसपास, म्हणजे इंधनाने अधिक भरलेले ठेवतात, कारण जादा इंधन सिलिंडर निववते. दाब वाढला आणि इंधन वाढले नाही, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. दुसरी म्हणजे नॉकिंग. ते कानाने ऐकू येईपर्यंत थांबणे हा उशीर होय. संवेदकाचे आकडे पाहावेत. तिसरी म्हणजे दाबाची रेघ. आरंभी ती उसळी मारत असेल, तर उपकरणाची चपळाई कमी करावी. फेरे वाढतील तसा दाब आपोआप चढत गेला, तर वेस्टगेटचे दार धुराला अपुरे पडत आहे असे समजावे. हा दोष कोणत्याही उपकरणाने जात नाही. उलट वरच्या फेऱ्यांना दाब खचत असेल, तर टर्बोचा श्वास संपला आहे. तेथे त्याला आणखी रेटल्याने शक्ती मिळत नाही, उष्णता मात्र मिळते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट बिघडली, तर एक पायरी मागे यावे आणि तेथेच थांबावे.

या साऱ्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करण्यास मालकाला मनाई केली आहे. शक्ती वाढविलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा वादही उभा राहतो. शर्यतीच्या बंद मार्गावरील गाडीची गोष्ट निराळी. पण तेथेही मर्यादा असतेच. फॉर्म्युला वन शर्यतींत दाबाची चढाओढ इतकी वाढली की नियामकांनी १९८७ साली ४ बारची आणि १९८८ साली २.५ बारची सीमा घालून प्रत्येक इंजिनावर सुरक्षा-झडप बसविणे भाग पाडले, आणि १९८९ पासून टर्बोच बंद केला. २०१४ साली तो परत आला, तोही इंधनाच्या काटेकोर मापासह.

मकरपुऱ्यातल्या त्या कारागिराने झडप बाजूला ठेवली आणि दाबमापक जोडला. जेथे ०.७ बार दिसावयास हवा होता, तेथे काटा ०.४ वर घुटमळत होता. शोध घेता इंटरकूलरच्या रबरी नळीला क्लिपखाली बोटभर चीर आढळली. भाराखाली ती उघडे आणि दाबलेली हवा रस्त्यावर जाई. "ही तुझी झडप घातली असती," तो म्हणाला, "तर बिचारा टर्बो ही गळती भरून काढायला आणखी फिरला असता, आणि महिन्याभरात त्याचे बेअरिंग गेले असते." नळी बदलली. काटा ०.७ वर येऊन स्थिर राहिला.

"मग ही झडप?" तरुणाने विचारले. "आधी पावागड चढून ये," कारागीर म्हणाला, "मग हवी असेल तर बोलू."

पुढच्या रविवारी तो पावागड चढून आला. गाडीला दम लागला नाही. झडप मागावयास तो पुन्हा गेला नाही. ती अजून त्या कारखान्यातील टेबलाच्या खणात पडून आहे. कोणी नवा तरुण तसलीच झडप घेऊन आला, की कारागीर खण उघडून ती त्याच्यापुढे ठेवतो आणि पहिल्यांदा तोच प्रश्न विचारतो: आत्ता दाब किती आहे?