एक तक्ता, दोन संगणक



हिशेबाची वही एका घरांत राहत होती तोंपर्यंत तिचा घोळ घरांतच निस्तरतां येई. आतां वहीची जागा संगणकावरील तक्त्यानें घेतली असून तो गांवोगांव हिंडूं लागला आहे. महालांतील शाळेंत तयार झालेला तक्ता सिव्हिल लाइन्समधील कचेरींत उघडतो. धरमपेठेंतील आजोबा घरखर्चाचा तक्ता अमेरिकेंतील मुलाकडे पाठवितात. मग तक्रार येते, "पाठविलें एक, उघडलें भलतेंच!" त्याचें मूळ कोठें शोधावें, तें आज सांगावयाचें आहे.

तक्त्याच्या चौकटींत साठविलेलें एक असतें आणि पडद्यावर दिसतें तें दुसरें. दिसणें हें त्या त्या संगणकाच्या समजुतीवर अवलंबून असतें. समजुती जुळल्या नाहींत, तर यंत्र धड असूनही घोटाळा होतो.

प्रथम अक्षरें पाहूं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्यें लिहिलेलें 'रामटेक' फाइलींत रोमन चिन्हांच्या रूपानें असतें. फाँट त्यांस देवनागरीचा वेष चढवितो. दुसरीकडे तो फाँट नसला कीं वेष गळून पडतो. फाँट बसविल्यानें तात्पुरतें भागतें. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्यें बदलून घेणें. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक आहे. युनिकोड मजकूर सीएसव्ही फाइलींतून आला असेल, तर ती थेट न उघडतां एक्सेलच्या 'डेटा' विभागांतून आणावी व यूटीएफ-८ निवडावें.

दुसरी गोष्ट तारखांची. आपण ०३/०४/२०१५ लिहितों ती ३ एप्रिल. अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक सीएसव्हींतील तीच अक्षरें ४ मार्च म्हणून वाचतो. मात्र तेरावा महिना नसल्यानें २५/०४/२०१५ ही त्याला तारीख वाटत नाहीं. ती नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणून जन्मतारखांच्या स्तंभांत कांहीं नोंदी उजवीकडे व कांहीं डावीकडे टेकलेल्या दिसल्या, तर दिवस-महिन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. शिवाय मॅकिंटॉशवरील जुन्या एक्सेलची मोजणी १९०० ऐवजीं १९०४ पासून सुरू होई. तशा फाइलींतील तारखा दुसऱ्या फाइलींत उतरविल्यास १४६२ दिवसांचा, म्हणजे ४ वर्षें १ दिवसाचा फरक पडूं शकतो. एवढ्यानें एखादें मूल शाळेच्या प्रवेशास अपात्र ठरेल!

तिसरी गोष्ट क्रमांकांची. एक्सेल संख्येचे १५ अंकच राखतें. १६ अंकी बँक-खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि आरंभींचें शून्य तर गळूनच जातें. ज्यांची बेरीज करावयाची नाहीं, ते क्रमांक वस्तुतः नांवांसारखेच होत. म्हणून तो स्तंभ अंक भरण्यापूर्वींच 'टेक्स्ट' ठरवावा. मागाहून ठरविल्यास गेलेला अंक परत येत नाहीं.

चौथी गोष्ट जागेची. जुन्या एक्सएलएस फाइलींत ६५,५३६ ओळीच मावतात, २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्यें १०,४८,५७६. इंग्लंडमध्यें २०२० सालीं या जुन्या मर्यादेमुळें कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढें गेली नाहीं, आणि त्यांच्या संपर्कांत आलेल्यांचा शोध लांबला.

तेव्हां दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवावी आणि पाठविणारास विचारावें: संगणक कोणता, फाँट कोणता, तारीख कोणत्या क्रमानें लिहिली? पूर्वीं गणित सुटल्यावर मुलें ताळा पाहत. तक्त्याचाही ताळा असतो. पाठविणारानें ओळींची संख्या व एका स्तंभाची बेरीज कळवावी, घेणारानें ती पडताळावी, आणि चार नोंदी दूरध्वनीवरून वाचून घ्याव्या. पांच मिनिटांचें काम आहे. पण त्याच्या अभावीं कोणाचें निवृत्तिवेतन भलत्या खात्यांत जातें, तर कोणाचा दाखला चुकीच्या जन्मतारखेनें निघतो. तें निस्तरावयास मात्र त्या बिचाऱ्यास महिनोन् महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.